क्रिएटिनिन रेंजमध्ये आहे, मग ईजीएफआर कमी कसा?

निळीशाई

क्रिएटिनिन १.१. ईजीएफआर ५५. दोन्ही आकडे आईच्या किडनीच्या तपासणीचे, एकाच रिपोर्टावरचे, एकाच नळीतल्या रक्ताचे. पहिल्यासमोर लॅबची रेंज छापली आहे, ०.६ ते १.२, त्यामुळे तिथे ना ठळक टाइप ना बाण. दुसरा पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, आणि त्याच्यापुढे "६० पेक्षा कमी असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" एवढंच. आईचं वय ६८. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगर नाही. तिने रिपोर्टात बाण शोधले, एकही दिसला नाही, म्हणून निर्धास्त आहे. मी नाही.

गेले काही दिवस यावरच वाचते आहे. समजलं ते आधी मांडते, मग प्रश्न विचारते.

आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचं द्रव्य असतं. त्यातल्या थोड्या भागाचं रोज क्रिएटिनिन होतं, ते रक्तात उतरतं आणि किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. ते स्वतः फार घातक आहे म्हणून मोजतात असं नाही. ते रोज साधारण सारख्याच प्रमाणात तयार होतं आणि त्याचा बाहेर जायचा रस्ता मुख्यतः किडनीतूनच आहे, म्हणून मोजतात. गाळण मंदावली की रक्तातली पातळी चढते.

पण तयार किती होतं हे स्नायूंवर ठरतं. म्हणून नुसत्या आकड्यावर न थांबता वय आणि स्त्री की पुरुष हे सूत्रात घालून गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात. तोच ईजीएफआर. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरतात ते सूत्र (सीकेडी-ईपीआय, २०२१) घेऊन मी स्वतः हिशेब केला. क्रिएटिनिन १.१ असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ९३ येतो. आईचा, त्याच १.१ वर, ५५. लॅबने छापलेली रेंज दोघांनाही "नॉर्मल" म्हणते!

प्रश्न: ५५ म्हणजे किडनीचा आजार झाला असं धरायचं का? की वयाने होतं तेवढंच? तपासणी पुन्हा करायची तर कधी, आणि सोबत आणखी काय तपासावं?


बकुळ

चांगला धागा. आमच्या घरात सगळ्यांचे रिपोर्ट बाण बघूनच फाइलला जातात. आत्ताच जुने काढून बसले आहे. ईजीएफआर छापलेलाच नाही, नुसतं क्रिएटिनिन आहे. मग?


निळीशाई

@बकुळ, काही अडत नाही. वय, स्त्री/पुरुष आणि क्रिएटिनिन एवढं हातात असलं की ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये घालून काढता येतो. फक्त २०२१ चं सूत्र निवडा आणि एकक बघून घ्या. आपल्याकडे बहुतेक वेळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. काही देशांत मायक्रोमोल प्रति लिटर वापरतात, त्याला ८८.४ ने भागावं लागतं.


परीक्षानळी

मी लॅबमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. आकडा येतो कसा, एवढंच सांगतो. तो कळला की त्याच्यावर किती भार टाकायचा तेही कळतं.

क्रिएटिनिन मोजायची सर्वांत जुनी पद्धत माक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवलेल्या रासायनिक क्रियेवर उभी आहे. अल्कलीत पिक्रिक ॲसिड आणि क्रिएटिनिन एकत्र आले की पिवळ्या द्रावणाला नारिंगी झाक येते. झाक जितकी गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. मी कामाला लागलो तेव्हा ही झाक कलरिमीटरवर हाताने वाचायचो, आता यंत्र वाचतं. पण क्रिया अजूनही अनेक लॅबमध्ये तीच आहे, कारण ती स्वस्त पडते.

तिची खोड अशी की पिक्रिक ॲसिड फक्त क्रिएटिनिनशीच रंग देत नाही. कीटोन, खूप वाढलेली साखर, काही सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स यांच्यामुळेही झाक वाढते आणि आकडा खरा असतो त्याहून मोठा दिसतो. कावीळ असेल, बिलिरुबिन बरंच चढलेलं असेल, तर उलट आकडा खाली येतो. एन्झाइमची पद्धत या बाबतीत बरीच स्वच्छ आहे. लॅबला विचारा, "क्रिएटिनिन याफेने करता की एन्झाइमॅटिकने?" सांगायला कोणीही नाही म्हणणार नाही. बऱ्याच रिपोर्टांवर चाचणीच्या नावाखाली पद्धत छापलेलीही असते.

आता धागाकर्तीच्या आईंच्या आकड्याकडे या. १.१ ला ईजीएफआर ५५. तेच १.० आलं असतं तर ६१, म्हणजे ६० च्या रेषेच्या वर. मधला फरक ०.१ चा. एवढा फरक एकाच माणसाच्या रक्तात, एकाच लॅबमध्ये, दोन वेगळ्या दिवशी सहज पडू शकतो. लॅब बदलली, पद्धत बदलली तर आणखी जास्त. म्हणून माझा आग्रह एकच: ज्यांना हा आकडा वर्षानुवर्षं बघायचा आहे त्यांनी लॅब बदलू नये. निदान पद्धत तरी बदलू नये.

सँपल द्यायच्या आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नको. आदल्या रात्री मांसाहारही नको, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि ते सरळ रक्तात येऊन काही तास आकडा वाढवतं. पाणी नेहमीसारखं प्यावं. उपाशीपोटी जायचं म्हणून काही लोक पाणीही तोडतात, ते करू नये. आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून लिटर-दोन लिटर पाणी ढोसून जाणंही चूक.


स्टेथो

मी एमडी मेडिसिन आहे. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) नाही, पण हा प्रश्न रोज समोर असतो. इथे कोणाचंही निदान होत नाही, हे धरून वाचा.

एका रिपोर्टावर किडनीचा जुनाट आजार ठरत नाही. ईजीएफआर ६० च्या खाली, आणि तो निदान तीन महिने तसाच, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण तीन महिने टिकून असेल, तर ते नाव लागतं. तेव्हा पहिलं उत्तर: आत्ता "आजार झाला" असं धरायचं नाही, आणि "वयच झालंय" म्हणून सोडायचंही नाही.

टप्पे असे. ९० व वर जी-१, ६० ते ८९ जी-२, ४५ ते ५९ जी-३ए, ३० ते ४४ जी-३बी, १५ ते २९ जी-४, १५ च्या खाली जी-५. पण पहिले दोन टप्पे एकटे असतील तर तो आजार नव्हे. ईजीएफआर ७५, लघवी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ, तर "स्टेज टू" म्हणून घाबरून जाऊ नका. असे घाबरलेले लोक आठवड्यातून एकदा तरी येतात.

दुसरी खूण म्हणजे मुख्यतः लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. ही तपासणी लोक करतच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. लघवीच्या एका छोट्या सँपलवर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो होतो. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. रक्ताचा आकडा सांगतो किडनी आज किती गाळते. लघवीचा सांगतो की गाळणारा पडदा फाटायला लागला आहे का. मधुमेहात तर पडदा आधी बिघडतो आणि रक्तातला आकडा अनेकदा पुष्कळ उशिरा हलतो. मधुमेह किंवा बीपी असलेल्याने वर्षातून एकदा दोन्ही करून घ्यावं.

वयाबद्दल. चाळिशीनंतर ईजीएफआर साधारण वर्षाला एकाने खाली येतो, कोणाचा कमी, कोणाचा जास्त. पंचाहत्तरीच्या माणसाचा ५५ हा आजार म्हणावा की वय, यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. ६५ च्या पुढे, लघवी स्वच्छ असेल तर ४५ ची रेषा धरावी असं म्हणणारेही आहेत. मतभेद असला तरी औषधांचे डोस त्या आकड्यावर ठरतात, म्हणून तो माहीत हवाच.

आईंसाठी: लघवीचा रेशो, लघवीची साधी तपासणी, सोनोग्राफी, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा त्याच लॅबमध्ये. गुडघे-कंबर यांसाठी वेदनाशामक गोळी रोज घेतात का, तेही विचारा. घरची माणसं ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.


निळीशाई

डॉक्टर, घेते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. रोज नाही म्हणते, पण पाकीट संपतं लवकर. उद्याच त्यांच्या डॉक्टरांशी बोलते.


आकडेमोड

मला वैद्यकातलं कळत नाही, पण ते सूत्र बघितलं आणि त्यात जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

क्रिएटिनिन आणि गाळणं यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. एका पन्नाशीच्या बाईचं क्रिएटिनिन ०.७ वरून १.० झालं. वाढ ०.३. दोन्ही वेळा रेंजमध्ये. ईजीएफआर मात्र १०५ वरून ६९ वर आला. एक तृतीयांशाहून जास्त गाळणं गेलं आणि रिपोर्टात एकही बाण नाही! आता त्याच वयाच्या दुसऱ्या बाईचं ४.० वरून ४.३ झालं. वाढ तेवढीच, ०.३. ईजीएफआर १३ वरून १२. इथे घरातले सगळे हादरतात, आणि खरं नुकसान पहिल्या बाईचं मोठं.

सुरुवातीला आलेख जवळजवळ आडवा असतो. किडनीने बरंच काम सोडलं तरी क्रिएटिनिन जागचं फारसं हलत नाही. शेवटी तो उभा चढतो. म्हणून मला वाटतं की रेंजशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना करावी. ०.७ ची सवय असलेल्या माणसाचं १.० ही बातमी आहे.

दुसरं, ईजीएफआरच्या मागे "प्रति १.७३ चौरस मीटर" असतं. १९२० च्या दशकात सरासरी माणसाच्या शरीराचं पृष्ठफळ म्हणून धरलेला तो आकडा आजही चालू आहे. दीड मीटर उंच, ४५ किलोच्या बाईचं पृष्ठफळ १.३७ च्या आसपास येतं. म्हणजे रिपोर्टावर ५५ असेल तर तिच्या किडन्या प्रत्यक्षात मिनिटाला ४४ मिलिलिटरच गाळताहेत. लहान चणीच्या माणसांना हे लागू आहे.


स्टेथो

@आकडेमोड, अगदी बरोबर. पहिली गोष्ट आमच्या पेशातल्या लोकांनीही पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. रुग्ण येताना जुने रिपोर्ट आणतच नाहीत, त्यामुळे आमच्याही हाती फक्त रेंज उरते.

पृष्ठफळाचा मुद्दा औषधाच्या डोसाला फार लागतो. आजाराचा टप्पा ठरवायला प्रति १.७३ चालतं, पण डोस ठरवताना त्या माणसाचं प्रत्यक्ष गाळणं हवं. म्हणूनच १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र, ज्यात वजन येतं, ते अनेक औषधांच्या माहितीपत्रकांत अजून टिकून आहे. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाई असेल तर गुणिले ०.८५. ६८ वर्षांच्या, ४५ किलोच्या, १.१ वाल्या बाईचं ३५ येतं. रिपोर्टावर ५५, डोसाच्या हिशेबात ३५. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीत हा फरक खेळ नाही.


डंबेल

माझी उलटी गोष्ट. वय २८, जिमला नियमित जातो, क्रिएटिन पावडर घेत होतो. नोकरीच्या मेडिकलमध्ये क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ६५. तिथल्या डॉक्टरांनी "किडनीवर परिणाम झालाय" असं तोंडावर सांगितलं. घरी जे वातावरण झालं ते विचारू नका. आई रात्रभर जागी होती.

नंतर एका नेफ्रॉलॉजिस्टनी पावडर थांबवायला सांगितली, लघवीचा रेशो केला (स्वच्छ) आणि सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. त्यावरून ईजीएफआर १०८ आला. क्रिएटिनिनसुद्धा पुढच्या वेळी १.२ वर उतरलं. किडनीला काहीच झालेलं नव्हतं. स्नायू जास्त, वर पावडर, म्हणून क्रिएटिनिन जास्त.


पाऊलवाट

@डंबेल, आमच्याकडे बरोब्बर याच्या उलट झालं आणि ते जास्त धोक्याचं होतं, म्हणून लिहिते.

बाबा ७९ चे. पडल्यानंतर बिछान्याला खिळले, मांड्या अक्षरशः हाताच्या मुठीत मावतील इतक्या बारीक झाल्या. क्रिएटिनिन ०.८. ईजीएफआर ९०. सगळे म्हणाले, या वयात किडन्या एकदम उत्तम. इन्फेक्शन झालं तेव्हा अँटिबायोटिकचा पूर्ण डोस सुरू झाला आणि दोन दिवसांत बाबा बरळायला लागले, हात झटकायला लागले. एका तरुण डॉक्टरच्या मनात आलं की एवढ्या कमी स्नायूंच्या माणसाचं ०.८ खरं कसं मानायचं. तिने सिस्टॅटिन सी पाठवलं. त्यावरून ईजीएफआर ४४. डोस कमी केला आणि बाबा माणसांत आले.

तिने आम्हाला पलंगाशी उभं राहून समजावलं ते असं: टाकीतल्या पाण्याची पातळी बघून मोरी किती तुंबली ते सांगता येतं, पण नळ किती सुटलाय ते माहीत असेल तरच. बाबांचा नळच बारीक झाला होता. पातळी खाली दिसणारच, मोरी तुंबलेली असली तरी.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं, फार खंगलेलं, किंवा पाय कापावा लागलेलं माणूस आहे त्यांनी कमी क्रिएटिनिन बघून निश्चिंत होऊ नका, एवढंच.


परीक्षानळी

@पाऊलवाट, वाचून बरं वाटलं. त्या डॉक्टर मुलीने आकड्याकडे न बघता माणसाकडे बघितलं.

सिस्टॅटिन सी बद्दल दोन शब्द. हे एक लहानसं प्रथिन. केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशी ते सतत बनवतात, त्यामुळे स्नायूंशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. किडनी ते गाळते आणि आतल्या आत मोडून टाकते. पण तेही सोवळं नाही. थायरॉइड बिघडलेलं असेल, स्टेरॉइड चालू असेल, लठ्ठपणा असेल, शरीरात सूज-दाह असेल किंवा माणूस धूम्रपान करत असेल तर त्याची पातळी किडनीशी संबंध नसताना बदलते. म्हणून दोन्ही मोजून दोन्हींचं एकत्र सूत्र वापरलं तर अंदाज सर्वांत चांगला येतो. सगळ्यांनी करावी अशी ही तपासणी नाही. खर्च जास्त आहे आणि सगळीकडे होत नाही. पण आईंच्यासारखी केस, ४५ ते ५९ मधला आकडा आणि दुसरी काही खूण नाही, तिच्यासाठी ती खास उपयोगाची.


हिरवापाला

इतकं टेन्शन कशाला? माझ्या ओळखीत एकांचं क्रिएटिनिन वनस्पतींच्या चूर्णाने ३ वरून २ वर आलं. कोणाला हवं असेल तर नाव व्यनिमध्ये देतो.


स्टेथो

@हिरवापाला, तुमची भावना चांगली आहे, पण नाव कृपा करून कोणाला देऊ नका.

३ वरून २ वर येणं औषधाशिवायही घडतं. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं होतं, ते भरून निघालं. लघवीचा मार्ग अडला होता, तो मोकळा झाला. एखादी वेदनाशामक गोळी सुटली. माणूस खंगला आणि स्नायू गेले तरी आकडा उतरतो, आणि तेव्हा तर घरातले आनंद मानतात. क्रिएटिनिन उतरवणं हे ध्येय नाहीच, किडनी वाचवणं हे आहे.

आणि वनस्पती म्हणजे निर्धोक असं नसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली आणि अनेक बायकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने मूत्रमार्गाचे कर्करोगही होतात. घटक छापलेले नसलेलं कोणतंही चूर्ण, कोणतीही पुडी, कमजोर किडनीच्या माणसाने घेऊ नये.


हिरवापाला

हे माहीत नव्हतं. नाव देणार नाही. त्या ओळखीच्या गृहस्थांनाही हा धागा पाठवतो.


तळटीप

माझा प्रश्न. बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू केली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं. गोळीने किडनी खराब होतेय म्हणून मी ती बंद केली आहे. बरोबर ना?


स्टेथो

नाही. आजच डॉक्टरांना फोन करा. या गटातल्या गोळ्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल वगैरे) गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळणं जरा कमी होतं आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. पण त्या उतरलेल्या दाबामुळेच किडनी पुढे जास्त वर्षं टिकते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. तुमची १७ टक्के आहे. मधुमेहाच्या ज्या नव्या गोळ्या, एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, त्यांनीही सुरुवातीला ईजीएफआर असाच थोडा बसतो.

पोटॅशियम मात्र सोबत तपासलंच पाहिजे. आणि या गोळ्या चालू असताना जोराच्या उलट्या-जुलाब झाले तर त्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ही गोळी, लघवी होण्याची गोळी आणि वर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, हे तीन एकत्र आले आणि त्यात शरीर कोरडं पडलं की चांगली किडनीही बसते.


बकुळ

आणि युरिया? आमच्या एका रिपोर्टात "ब्लड युरिया ३८", दुसऱ्यात "बीयूएन १८". निम्मा झाला म्हणून आम्ही खूश.


परीक्षानळी

@बकुळ, बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन मोजलेला. त्याला २.१४ ने गुणलं की युरिया. १८ चे होतात ३८ आणि अर्धा. म्हणजे तुमचा आकडा जिथल्या तिथे आहे.

किडनीच्या अंदाजासाठी युरिया एकटा कच्चाच. पाणी कमी पडलं, प्रथिनं जास्त खाल्ली, स्टेरॉइड चालू आहे, जठरात रक्तस्राव झाला, कशानेही चढतो. लिव्हर कमजोर असेल तर उलट कमी दिसतो. क्रिएटिनिनच्या मानाने युरिया फारच चढलेला असेल तर डॉक्टर आधी पाणी कमी पडलं का ते बघतात, तिथे त्याचा उपयोग.


निळीशाई

तीन महिने होऊन गेले, तेव्हा पुढचं लिहिते. डायक्लोफेनॅक बंद. गुडघ्यांना शेक, व्यायाम आणि गरज पडेल तेव्हा पॅरासिटामॉल. क्रिएटिनिन १.०, ईजीएफआर ६१. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात लघवीचा रेशो ४२ आला. पहिल्या वेळीही ४८ होता. म्हणजे रक्ताचा आकडा रेषेच्या वर गेला तरी किडनीच्या आजाराचं नाव लागलंच, जी-२, ए-२ (ए-२ म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनची मध्यम वाढ). बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आहे. नुसत्या क्रिएटिनिनवर थांबलो असतो तर "सुधारलं" म्हणून फाइल बंद झाली असती.


स्टेथो

फार वेळेत कळलं. या टप्प्यावर बीपी नीट ठेवलं तर पुष्कळ काही हातात असतं. रेशो पुढच्या वेळी सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा जोराचा व्यायाम असेल त्या दिवशी नको, तो उगाच वाढलेला येतो.


सहोदर

उशिरा आलो, पण प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. धाकट्या भावाला किडनी द्यायची ठरवलं आहे. वय ४६. माझा ईजीएफआर ८४ आला. ९० च्या खाली म्हणून मला नाकारतील का? भावाला अजून सांगितलेलं नाही.


स्टेथो

@सहोदर, एवढ्यावर कोणी नाकारत नाही. ९० व वर असेल तर सहसा अडचण नसते, ६० च्या खाली घेत नाहीत, मधल्यांचा विचार माणूस बघून करतात. वय, बीपी, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन, सगळं धरून.

आणि दात्याच्या बाबतीत नुसत्या सूत्रावर कोणी थांबतच नाही. सूत्राचा अंदाज दहातल्या साधारण आठ-नऊ जणांत खऱ्या आकड्याच्या ३० टक्के इकडेतिकडे येतो. रोजच्या कामाला तेवढं पुरतं, दुसऱ्यासाठी किडनी काढायला पुरत नाही. म्हणून प्रत्यक्ष मोजतात. आयोहेक्झॉल किंवा किरणोत्सारी डीटीपीए, ही किडनीतून गाळली जाणारी द्रव्यं, शिरेतून देतात आणि ते रक्तातून किती वेगाने कमी होतं ते काही तास ठराविक वेळाने रक्त घेऊन बघतात. डीटीपीएचा स्कॅन केला तर दोन्ही किडन्यांचा वाटाही वेगळा कळतो, म्हणजे कुठली द्यायची ते ठरवता येतं. काही ठिकाणी २४ तासांची लघवी गोळा करायला सांगतात. त्यात एकदाची जरी सुटली तरी हिशेब चुकतो, आणि किडनीतल्या सूक्ष्म नळ्या थोडं क्रिएटिनिन स्वतःहून लघवीत टाकतात म्हणून आकडा जरा फुगूनच येतो.

दिल्यानंतर उरलेली किडनी काही आठवड्यांत जास्त काम उचलते. साधारणपणे आधीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास गाळणं राहतं. पुढे दरवर्षी क्रिएटिनिन, लघवीचा रेशो आणि बीपी, हे आयुष्यभर.


सहोदर

धन्यवाद डॉक्टर. प्रत्यक्ष मोजणी करून घेतो, आकडा हातात आल्यावरच त्याला सांगेन. सूत्रात माझं क्रिएटिनिन १.१ धरलं होतं. हातपाय कामाने कसलेले आहेत, तेव्हा सिस्टॅटिन सी सुद्धा सोबत करायला सांगू का?


परीक्षानळी

जरूर सांगा. एकाच वेळी काढलेल्या रक्तातून दोन्ही होतात, वेगळी सुई टोचावी लागत नाही. आणि आदल्या दिवशी जड काम टाळा.